भिला शिंप्याची चौफुली

अक्कलकुव्याच्या बसस्टँडवरून हायवेकडे निघालं की पंक्चरवाला आणि मोबाइलवाला यांच्या मध्ये एक पत्र्याची टपरी लागते. तिच्यात भिला शिंपी पाय-मशीन मारत बसतो. त्याच्या शिवणीबद्दल मोलगीपासून तळोद्यापर्यंत जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं तर लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मोलगीकडचा जान्या लहानपणी मोहाच्या झाडावरून पडला, तेव्हा हाफ पँटीचं बूड फांदीत अडकलं आणि तो तिथंच लोंबकळत राहिला. खालून चौघांनी पाय धरून ओढला. शेवटी फांदी मोडून आली, शिवण आली नाही. जान्या आता दोन पोरांचा बाप आहे, पण त्याचे पाय अजून हातांच्या मानानं लांब वाटतात. दिवाल्या जीपवाल्याचं तर त्याहून मोठं. देवगोईच्या घाटात त्याची जीप मागं घसरली, भिलानं शिवलेल्या ताडपत्रीच्या हुडाची कड एका सागाच्या खुंटाला अडकली, आणि एकवीस पॅसेंजर, चार बकऱ्या आणि एक पिठाची गिरणी एवढा सगळा भार हुडाच्या एका शिवणीवर तोलला गेला. मदत येईपर्यंत दिवाल्यानं दोन बिड्या निवांत ओढल्या. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. आता तो तीन बिड्या सांगतो.

या सगळ्याच्या मुळाशी होती चौफुली. तालुक्यातल्या आश्रमशाळांच्या खाकी हाफ पँटी एके काळी भिलाकडे शिवायला यायच्या. डोंगरातलं पोर बाकावर कमी आणि दगडावर जास्त बसतं, त्यामुळे पँट पहिल्यांदा बुडाला जाते, हे त्यानं पहिल्याच वर्षी ओळखलं. मग तो बुडाला आतून दुसरं कापड लावायचा, त्यावर चौकट मारायचा, चौकटीत फुली मारायचा, आणि चार कोपरे नि मधला छेद अशा पाच ठिकाणी जीपच्या हुडाचा मेण लावलेला दोरा दाभणानं ओढून गाठ द्यायचा. गाठ आतल्या बाजूला. बाहेरून काम कसं साफ दिसलं पाहिजे, हा बापानं घालून दिलेला दंडक. बाप गेला, त्याची कात्री गेली, दंडक राहिला.

“कपडा फाटी जाई, पन मन्ही शिवण जाव नही,” असं तो गिऱ्हाइकाला पँट देताना म्हणायचा, आणि तसंच व्हायचं.

फुलसिंग वसावेची गोष्ट मात्र भिला स्वतः कधी सांगत नसे. ती फुलसिंगच सांगायचा. त्याचं गाव मणिबेलीच्या अंगाला, नर्मदेच्या काठावर. धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा घरच्यांनी भांडी, कोंबड्या, पाटा-वरवंटा असं हाती लागेल ते उचललं. फुलसिंगची शाळेची हाफ पँट वाळत टाकली होती, ती राहून गेली. घर गेलं, आंबा गेला, देवाचा दगड गेला. बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात पाणी उतरलं, तेव्हा फुलसिंग नावेतून बघायला गेला. गाळातून खुंटा वर आलेला, आणि खुंट्याला पँट. कापडाची जाळी झालेली, बटणं माशांनी खाल्लेली, पण चौफुली जशीच्या तशी. गावातलं तेवढंच काय ते शिल्लक, असं म्हणून फुलसिंग हसायचा. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

पण हे सगळं मागचं. पुढं शाळांचे गणवेश तयार, पिशवीत बांधून यायला लागले, आणि भिलाच्या हाती चेन बदलणं, पँट आखूड करणं आणि बसायला येणाऱ्यांचं ऐकून घेणं एवढं उरलं. बायको धनुबाई काज-बटण करायची. बटण लावायचंच नसेल तेव्हा ती शेंगा सोलायची. दोघांच्या मध्ये मशीन नुसतं उभं असायचं.

अशात गेल्या वर्षी, पाऊस उघडल्यावर, फुलसिंगची पोरगी रिना टपरीत आली. बारावीला होती, घाटावरच्या पाड्यातून रोज सायकलनं खाली कॉलेजला यायची आणि सायकलनंच चढून परत जायची. कॉलेजच्या नवनीत सरांनी तिला घाट चढताना एसटीतून पाहिलं होतं. एसटी मागं पडली, असं सर म्हणतात. ड्रायव्हर म्हणतो तो थांबा होता. सरांनी आपली तरुणपणची रेसची सायकल माळ्यावरून काढून तिला दिली आणि निवड चाचणीला तिचं नाव घातलं. अक्कलकुव्यापासून घाट चढून मोलगीपर्यंत शर्यत. पहिल्या तीन मुलींना राज्याच्या क्रीडा केंद्रात प्रवेश, तिथंच राहणं, जेवण, शाळा, नवी सायकल. वयाची अट अठराच्या आतली, आणि रिनाला डिसेंबरात अठरा पुरी होत होती. म्हणजे पुढच्या वर्षी तिला कुणी सुरुवातीच्या रेषेवरही उभं करणार नव्हतं. दिवाळी झाली की घरची माणसं उसाच्या तोडीला गुजरातेत जाणार, आणि निवड झाली नाही तर रिनानंही जायचं, हे फुलसिंगनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यात राग नव्हता. कोयत्यामागं मोळी बांधायला माणूस लागतंच.

नियम एकच आडवा येत होता. सायकलिंगचा पोशाख पाहिजे, सलवार चालणार नाही. तो पोशाख रिनाला अचानक मिळाला होता. सुरतेहून काही हौशी लोक सायकलीनं हायवेवरून चालले होते, त्यातल्या गायत्रीबेन म्हणून एक बाई खड्ड्यात आपटल्या. रिनानं त्यांना उठवलं, पाणी दिलं, दवाखान्यात नेलं. बाई बाजारातला पंजाबी ड्रेस घालून मोटारीनं परत गेल्या आणि फाटलेली चड्डी आणि चांगला शर्ट रिनाला देऊन गेल्या.

चड्डी भिलानं हातात घेतली आणि उजेडात धरली. काळी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ताणली की दोन वीत, सोडली की एक. आपली लांबी किती हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही ते कसलं कापड, असं त्यानं विचारलं. एका खड्ड्यात बूड गेलं, आणि म्हणे परदेशातली वस्तू. आतमध्ये स्पंजाची गादी शिवलेली होती, तीही मधोमध चिरली होती. हे मात्र त्याला पटलं. बुडाला दुहेरी पाहिजे, हे त्या परदेशातल्या शिंप्यालाही कळलं होतं. फक्त गाठ कशी मारायची ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रिना म्हणाली, बाबा, ही टिकली पाहिजे. आठ दिवस सराव आणि मग शर्यत. माझ्याकडे दुसरी नाही.

टिकण्याबद्दल भिलाला कुणी पुष्कळ वर्षांत विचारलं नव्हतं. त्यानं मशीनवरचं कापड बाजूला सारलं, चष्मा पुसला, दाभण काढलं, जीपच्या हुडाचा दोरा काढला आणि मेणाचा गोळा शोधायला धनुबाईचा डबा उचकटला. धनुबाई घरी नव्हती. त्यांची मुलगी रूपाली तळोद्याला बाळंत झाली होती, तिकडं गेली होती. ती टपरीत असती तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि कुणी सांगितलीही नसती.

भिलानं चिरलेली गादी जुळवली, खाली खाकीचा तुकडा लावला, चौकट मारली, फुली मारली आणि पाच गाठी दिल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या, आतल्या बाजूला. बाहेरून काम असं साफ की रेघ शोधावी लागे. दोन्ही बाजूंनी धरून ताणून दाखवलं. कापड सगळीकडून ताणलं, चौफुली जागची हलली नाही. रिनानं तिच्यावरून बोट फिरवलं, बाहेरून, आणि खूश होऊन गेली.

त्या आठ दिवसांत भिला दहा वर्षांनी लहान झाला. टपरीत बसायला येणाऱ्या प्रत्येकाला कळलं की राज्याच्या केंद्रात आता अक्कलकुव्याची शिवण जाणार. तिथले साहेब विचारतील, हे काम कुणाचं. मग पोर सांगेल. मग तिथल्या सगळ्या पोरींच्या चड्ड्या गाठोडं बांधून हायवेनं इकडं येतील, आणि एकट्याला आवरणार नाही, मोबाइलवाल्याची टपरीही घ्यावी लागेल. मोबाइलवाला ऐकत होता. तो म्हणाला, घ्या काका, मीच द्यायला बसलोय.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी रिना आली. टपरीत दिवाल्या होता, पंक्चरवाला होता आणि पेपर वाचणारे दोघं होते. ती बाहेरच उभी राहिली. सायकल हातात धरलेली, जरा वाकून. भिलानं आत बोलावलं तर आत आली, पण बसली नाही.

“बाबा, आतून थोडं टोचतं.”

“कोठे?”

रिनानं दिवाल्याकडे पाहिलं, पेपरवाल्यांकडे पाहिलं, मग मशीनच्या चाकाकडे पाहिलं. “आतून,” ती म्हणाली.

“नवं शे ना माय. नवा जोडा चावस का नही, तसं. बसी जाई.”

ती काही तरी म्हणणार होती. तोंड उघडलंसुद्धा. चार पुरुषांसमोर, सासष्ट वर्षांच्या माणसाला, अठरा न भरलेली पोर काय सांगणार होती? पण ती गेलीही नाही. भिलाला वाटलं आत काही तरी सैल पडलं असेल, सैल कापड दुमडतं आणि टोचतं. चड्डी तिच्या हातात पिशवीत होतीच. त्यानं घेतली, उलटी न करता आत हात घालून चाचपली, आणि आणखी पक्की करून दिली. चौकटीच्या आत दुसरी चौकट. आणखी चार गाठी. रिना उभ्यानं बघत होती. दोरा ओढताना भिला दर वेळी दात आवळायचा, आणि दर वेळी तिचाही जबडा आवळला जायचा. दिवाल्यानं ते पाहिलं आणि हसला, म्हणाला, पोरगी शिलाई शिकी ऱ्हायनी.

जाताना ती पायीच गेली. सायकल ढकलत.

शर्यतीच्या दिवशी भिलानं धुतलेलं धोतर नेसलं आणि दिवाल्याच्या जीपमध्ये पुढं बसला. जीपमध्ये सतरा माणसं. बावीस मुली सुटल्या. नंदुरबारच्या, शहाद्याच्या, तळोद्याच्या, चकचकीत सायकलींच्या. सपाटीवर रिना सगळ्यांच्या पुढं होती. नवनीत सर मोटरसायकलवरून ओरडून सांगत गेले की एवढा वेग त्यांनी बापजन्मात पाहिला नाही. घाटाच्या पायथ्याशी ती दीडशे हात पुढं होती.

पहिल्या वळणावर ती सीटवरून उठली आणि उभ्यानं पायडल मारायला लागली.

“देख, देख,” भिला म्हणाला, “उभी राहीसन चालाडी ऱ्हायनी. शे कोनी दुसरी?”

दुसरी कुणी नव्हती. बाकीच्या बसून, मान खाली घालून, एका लयीत चढत होत्या. रिना दुसऱ्या वळणावरही उभी, तिसऱ्यावरही उभी. भिलानं मागच्या सगळ्यांना समजावून सांगितलं की ही उभी आहे कारण हिच्या पायात जोर आहे, आणि बसली तरी चिंता नाही कारण बुडाला नऊ गाठी आहेत. मग त्यानं जान्याची फांदी सांगितली. मग एकवीस पॅसेंजरांची हुडाची गोष्ट सांगितली, आणि दिवाल्यानं मान डोलावली. पाचव्या वळणावर रिना एकदा बसली. बसली आणि लगेच उठली, चुलीवर बसावं तशी. सायकल भेलकांडली. नंदुरबारची एक मुलगी शेजारून गेली.

उभ्यानं माणूस किती चढणार? सहाव्या वळणाला दुसरी गेली, आठव्याला तिसरी. जीपमधल्या माणसांनी बिड्या पेटवल्या. भिला तेवढा बोलत होता, पण आता हळू, आणि स्वतःशीच. माथ्यावर पोचल्यावर उतार लागला, तिथं सगळ्या बसल्या आणि सुटल्या. रिना उतारालाही उभीच होती. चौथी गेली.

मोलगीत ती पाचवी आली. साहेबांनी पहिल्या तिघींची नावं पुकारली, त्यांना हार घातले, फोटो काढले. रिनानं कमरेला ओढणी गुंडाळली होती आणि ती एका निंबाला हात टेकून उभी होती. ओढणी पिवळी होती, मागून ती एका ठिकाणी पिवळी राहिली नव्हती. भिलानं ते पाहिलं. आपटली असेल कुठं, असं त्याच्या मनात आलं.

तो जवळ गेला. सायकल निंबालाच टेकवलेली होती, तिच्या सीटवरची धूळ त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली. शेवटी रिनाच बोलली.

“शिवण नाही गेली, बाबा. एक टाकापण नाही गेला.”

ते ऐकून त्याला जरा बरं वाटलं. ही त्याची चूक कुणी काढली नाही, पण ती झाली.

परतीला जीपमध्ये दिवाल्यानं तिला जागा केली. ती बसली नाही. तीसेक किलोमीटर, मागच्या दांडीला धरून, आडव्या मानेनं, हुडाखाली उभी राहून आली. भिलानं दोनदा म्हटलं, बस ना माय. ती म्हणाली, नको बाबा, उभं बरं वाटतं.

चौथ्या दिवशी धनुबाई तळोद्याहून आली. चड्डी धुऊन, घडी करून रिनाच्या मैत्रिणीच्या हाती टपरीत परत आली होती. आठवण म्हणून भिलानंच ठेवावी, असा निरोप होता. भिलानं शर्यत सांगायला सुरुवात केली. पोर कशी पुढं होती, कशी उभी राहिली, मग नशीब कसं फिरलं. धनुबाईनं ऐकता ऐकता चड्डी उचलली आणि बायका पहिल्यांदा जे करतात ते केलं. उलटी केली.

मग तिनं भिलाचा हात धरला आणि त्याचा तळवा आतल्या गाठींवर दाबला. धुऊनही दोरा काळपट लाल राहिला होता.

“हायी चड्डीना मझार दुसरं काही घालतस नहीत,” ती म्हणाली. “उघड्या कातडीवर ऱ्हास. रूपालीनी नणंद खेळस ना, तिनाकडे देखेल शे मी.”

भिला म्हणाला, मग पोरीनं सांगायचं ना.

“कोले सांगती? तुले? का दिवाल्याले?”

दुपारी धनुबाई घरी गेल्यावर भिलानं टपरीचं फळकूट अर्धं ओढून घेतलं. चड्डी उलटी करून मशीनसमोरच्या स्टुलावर पसरली, धोतर वर घेतलं आणि तिच्यावर बसला. मशीनवर कापड नव्हतं, सुईत दोरा नव्हता. तो पायडल मारायला लागला. पंक्चरवाल्यानं नंतर सांगितलं की मशीन एवढं जोरात चालत होतं, पत्रे थरथरत होते, त्याला वाटलं केंद्रातून चड्ड्यांची गाठोडी आली. सुई रिकामी खाली-वर होत राहिली. एखादा शर्ट व्हावा एवढा वेळ भिलानं काढला असेल. मग तो उठला, आणि उठताना त्यानं मशीनला धरलं. पोरगी आठ दिवस यावर बसली, आणि वर तो घाट.

त्यानं ठरवलं, गाठी काढायच्या. मग आत मऊ सुती कापड, गाठी बाहेर, दिसल्या तर दिसल्या. ब्लेड घेतलं, ब्लेड तुटलं. उसवायची कात्री घेतली, तिचं टोक वाकलं. मेणाचा दोरा धुतल्यावर आवळून बसला होता, आणि कापड इतकं नाजूक की जोर केला तर तेच जायचं. संध्याकाळी उजेड गेला तोवर नऊतली एकही गाठ निघाली नव्हती. हे काम कुणाचं, असं कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, कबूल तरी करता आलं असतं.

धनुबाई दोनदा पाड्यावर जाऊन आली. हळद, तूप, कुठलंसं मलम. भिला गेला नाही.

दिवाळीनंतर उसाचा ट्रक लागला. सगळे ट्रक हायवेलाच लागतात, टपरीच्या समोरच. गाठोडी, भांडी, कोंबड्या, माणसं. फुलसिंग वर चढून दोरी आवळत होता. रिना खाली उतरून टपरीकडे आली. आता बरी चालत होती. भिलानं मान वर केली नाही, रिकाम्या बॉबिनवर दोरा भरत राहिला.

नवनीत सरांनी सायकल परत नेली का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, मीच देऊन आले, माळ्यावर ठेवली.

मग ती म्हणाली, “बाबा, ती शॉर्ट आहे का? द्या ना. घागऱ्याखाली घालीन. उसाचं पातं मांडीला फार कापतं.”

“टोची ना, माय.”

“आत दुसरी घालते आता. मग नाही टोचत.”

त्यानं कपाटातून काढून दिली. तिनं नीट घडी करून कमरेला खोचली. वरून फुलसिंगनं हाक मारली आणि टपरीकडे बघून हात केला. म्हणाला, भिलाभाऊ, हिला पण तुन्ही चड्डी का? मग पुराले भ्यायचं काम नाही. आणि ट्रकमधली माणसं हसली.

अक्षय तृतीयेच्या आसपास ट्रक परत आला. उन्हानं काळी पडलेली, खांद्यात जरा वाकलेली रिना टपरीसमोर उतरली. धनुबाईनं पाणी दिलं. रिनानं पिशवीतून चड्डी काढून भिलाच्या पुढं ठेवली. कंबरेचं इलॅस्टिक गेलं होतं, तेवढं घालून द्या म्हणाली, पुढच्या साली लागेल. कापड मांड्यांना विरलं होतं, रंग उडून राखेसारखा झाला होता.

भिलानं ती उलटी केली. नऊच्या नऊ गाठी होत्या. त्यानं चष्मा पुसून लावला, नवं इलॅस्टिक मापलं आणि किती साल चालवायची म्हणून विचारलं.

रिना म्हणाली, चालेल तोवर.